भगदाड, छिद्र आणि पोदेराची पिशवी

मराठी वर्तमानपत्रांत संगणकाच्या सुरक्षेविषयी काही छापून आलं की त्यात 'भगदाड' हा शब्द हमखास सापडतो. शब्द खरं तर किल्ल्याच्या तटाचा. तोफेचा गोळा बसला, तट ढासळला, शत्रूचं सैन्य आत घुसलं, एवढं सगळं त्या एका शब्दात दिसतं. मूळ इंग्रजी बातमीत असतो व्हल्नरेबिलिटी. त्याला आपल्याकडे अजून सर्वांनी मान्य केलेला शब्द नाही. कुणी त्रुटी म्हणतं, कुणी उणीव, कुणी छिद्र. पण रात्री अकरा वाजता तीन कॉलमांत मथळा बसवणाऱ्या उपसंपादकाचं दुःख वेगळं असतं. 'लॅपटॉपमध्ये उणीव' असा मथळा दिला तर तो वाचणार कोण? म्हणून मग भगदाड.

दुसरी गंमत क्रियापदाची. मूळ अहवालात लिहिलेलं असतं, की हल्लेखोर आधीच मशीनमध्ये शिरलेला असेल तर त्याला अमुक अमुक करता येऊ शकेल. मथळ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातला 'जर' गळतो, 'तर' गळतो, 'येऊ शकेल' तर कधीच गळालेलं असतं. उरतं काय? 'तुमचा लॅपटॉप हॅकर्सच्या हाती!' उद्गारचिन्ह वर फुकट. इंग्रजी पेपरवाले याबाबतीत आपल्यापेक्षा सोवळे आहेत असं मात्र मुळीच समजू नका. त्यांचीच उचल आपण करतो.

हे एरवी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या वाड्यावर एक निवृत्त मास्तर आहेत. जन्मभर शाळा आणि जत्रेतली नाटकं, एवढंच त्यांनी केलं. देवळापुढच्या रंगमंचावर रात्रभर चालणाऱ्या मराठी नाटकांच्या जुन्या हस्तलिखित वह्या त्यांच्याकडे आहेत. कोणी कधी उतरवून काढल्या, पदं कुठे घातली, कुठला प्रवेश गावकऱ्यांच्या आग्रहावरून वाढवला, सगळं समासात लिहिलेलं. मुलाने त्यांना लॅपटॉप आणून दिला आणि मास्तर एका बोटाने देवनागरी टाईप करायला शिकले. रोज दोन पानं. पाच नाटकं पुरी झाली होती.

मग मे २०२१ मध्ये बातमी आली, की डेल कंपनीच्या कोट्यवधी संगणकांत बारा वर्षांपासून भगदाड आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस, घरात बसून माणूस मिळेल ती बातमी वाचत होता. मास्तरांनी लॅपटॉप बंद केला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. त्यांचं मशीन त्या कंपनीचं नव्हतंच! मला हे कळलं चतुर्थीला. तोवर पावसाळ्यात दोन वह्यांना वाळवी लागली होती. त्या टाईप व्हायच्या रांगेत होत्या. "आतां कितें करपाचें?" एवढंच मास्तर म्हणाले. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं काय?

तर ती डेलची बातमी खरी होती का? खरी होती. सेंटिनेलवन या कंपनीच्या संशोधकांना एका ड्रायव्हर फाईलमध्ये पाच दोष सापडले होते. ही फाईल मशीनच्या फर्मवेअर अपडेटबरोबर आत उतरते आणि २००९ पासूनच्या मशीनांत ती गेलेली होती. म्हणून आकडा कोट्यवधींचा. पण त्या दोषाचा फायदा घ्यायला हल्लेखोराला आधी तुमच्या मशीनवर आपला प्रोग्रॅम चालवता यायला हवा. म्हणजे चोर ओसरीपर्यंत आलेला असेल, तर त्याला देवघराचं दार उघडून मिळणार. रस्त्यावरून जाणाऱ्याला या दोषाचा काहीही उपयोग नाही. डेलने दुरुस्ती दिली, फाईल काढून टाकायची सोय दिली, विषय संपला.

संपला म्हणतो खरा, पण पुढचंही सांगायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये ईसेट या कंपनीने प्रसिद्ध केलं, की २०२१ च्या शरदात लॅझरस नावाच्या टोळीने (ही टोळी उत्तर कोरियाशी जोडली जाते) हाच ड्रायव्हर वापरला होता. निशाण्यावर कोण, तर नेदरलँड्समधल्या एका विमान-अवकाश कंपनीतला कर्मचारी आणि बेल्जियममधला एक राजकीय पत्रकार. ॲमेझॉनच्या नावाने नोकरीच्या ऑफरची कागदपत्रं पाठवून आधी आत शिरकाव, आणि मग सुरक्षेची यंत्रणा आंधळी करायला हा ड्रायव्हर. त्यामुळे बातमी खोटी होती असं मी म्हणणार नाही. ती चुकीच्या माणसांना घाबरवत होती. कोट्यवधींच्या यादीत मास्तरांसारखे सगळे आले, आणि ज्यांनी खरंच जपायला हवं होतं ती मोजकी माणसं त्या गर्दीत दिसेनाशी झाली.

आता याच्या उलटं उदाहरण. लेनोवोने २०१४ च्या उत्तरार्धात घरगुती वापराच्या आपल्या अनेक लॅपटॉपांत सुपरफिश नावाचं सॉफ्टवेअर आधीच घालून विकलं. लोकांची पहिली तक्रार काय होती? नको त्या जाहिराती दिसतात. बस्स. वाचणाऱ्याला वाटावं, जाहिरातीच ना, त्या तर सगळीकडेच आहेत. पण जाहिराती घालण्यासाठी हे सॉफ्टवेअर काय करत होतं ते पाहा. आपण बँकेची साईट उघडतो तेव्हा ब्राउझरमध्ये ते छोटं कुलूप दिसतं. समोरची साईट खरोखर बँकेचीच आहे अशी कुणीतरी विश्वासू संस्थेने दिलेली साक्ष, असा त्या कुलपाचा अर्थ. सुपरफिशने विंडोजच्या विश्वासू साक्षीदारांच्या यादीत स्वतःलाच घुसवलं होतं. तुम्ही आणि बँक यांच्या मध्ये बसायचं, मजकूर उलगडायचा, त्यात आपल्या जाहिराती कोंबायच्या आणि स्वतःच्या सहीने पुन्हा कुलूप लावून तुम्हाला द्यायचा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं म्हणवत नाही, पण पुढे कहर आहे. ही सही करायची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपांत एकच होती, आणि ती त्या लॅपटॉपांतच ठेवलेली होती! फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या संशोधकाने साधारण तीन तासांत तिचा पासवर्ड शोधून काढला. पासवर्ड होता 'कोमोडिया', म्हणजे तो भाग बनवणाऱ्या कंपनीचंच नाव. एखाद्या बिल्डरने कॉलनीतल्या सगळ्या फ्लॅटना एकच किल्ली द्यावी आणि ती प्रत्येक पायपुसण्याखाली ठेवावी, तसला प्रकार. आता ही किल्ली ज्याच्या हाती, तो विमानतळावरच्या किंवा कॅफेतल्या वायफायवर बसून तुम्हाला खोटी बँक दाखवणार, आणि कुलूप अगदी व्यवस्थित दिसणार. इथे हल्लेखोराला ओसरीवरही यावं लागत नाही.

आणि कंपनीचे तंत्रज्ञान-प्रमुख तेव्हा काय म्हणाले? हे धोके सैद्धांतिक आहेत, अशा अर्थाचं काहीतरी. दोन दिवसांत सूर बदलला, सुपरफिश काढून टाकायचं साधन आलं, मायक्रोसॉफ्टनेही आपल्या डिफेंडरकडून ते उपटलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी आणि ३२ राज्यांशी लेनोवोने तडजोड केली, त्यात राज्यांना ३५ लाख डॉलर दिले. याच २०१५ च्या नोव्हेंबरात डेलच्या मशीनांतही तसलंच एक प्रमाणपत्र किल्लीसकट सापडलं. ते हाताने पुसून टाकलं तर मशीन पुन्हा चालू झाल्यावर परत यायचं. हेतू म्हणे ग्राहकाला मदत करणं सोपं जावं हा होता. असेलही. मला त्यांच्या हेतूवर शंका नाही, पण हेतू चांगला म्हणून किल्ली कमी धोक्याची होत नाही.

आपल्याकडे सकाळी पोदेर भोंगा वाजवत येतो. आपण उठलेले नसलो तर फाटकाला पिशवी अडकवलेली असते, तो त्यात उंडे, पोळ्या टाकून पुढे जातो. पोदेरावर विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण पिशवी रस्त्यावर असते. पोदेर गेल्यावर आणि आपण उठण्याआधी तिच्यात कोण काय टाकून गेलं, याची खात्री पिशवी देत नाही. पावाचं ठीक आहे, गावात कोण कशाला असं करील! लॅपटॉपवर कंपनीने आधीच घातलेले ते अपडेटर असतात ना, कोपऱ्यातून 'नवीन अपडेट आहे' म्हणून डोकावणारे, त्यांचं काम या पोदेराचं. २०१६ मध्ये ड्युओ सिक्युरिटी या अमेरिकी कंपनीने एसर, आसुस, डेल, एचपी आणि लेनोवो यांचे अपडेटर तपासले. एकूण १२ दोष निघाले आणि पाचही कंपन्यांकडे निदान एक असा, की ज्यातून अख्खं मशीन ताब्यात जावं. कारण बरंचसं साधं होतं. काही जणांच्या फाईली उघड्या वाटेने यायच्या, आणि आलेली फाईल कंपनीचीच आहे का हे अपडेटर नीट तपासत नव्हते. म्हणजे फाटकावरची पिशवी. आणि जे काही पिशवीतून निघेल ते मशीनवरच्या सर्वोच्च अधिकाराने चालवायचं! या बातमीला मथळे मिळाले, पण लॅपटॉप घेणाऱ्या किती जणांनी ऐकलं असेल?

२०१९ मध्ये तर पोदेराच्या भट्टीतच कोणी शिरल्याचं कळलं. आसुसच्या स्वतःच्या अपडेट सर्व्हरवरून, आसुसच्याच सहीशिक्क्याची विषारी फाईल २०१८ च्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वाटली जात होती. कॅस्परस्कीने ते उघड केलं. त्यांच्या अंदाजाने दहा लाखांवर मशीनांत ती गेली असावी, म्हणून मथळा दहा लाखांचा. पण ती फाईल आत शिरल्यावर नेटवर्क कार्डचा क्रमांक बघायची आणि जवळजवळ सहाशे ठरावीक क्रमांक सोडले तर बाकी ठिकाणी गप्प बसायची. सहाशे माणसं हवी होती, दहा लाखांच्या घरात शिरून शोधली. यातला कुठला आकडा मोठा, सांगा पाहू? मला तर सहाशेचाच जास्त भयंकर वाटतो.

एचपीची गोष्ट थोडक्यात सांगतो. मे २०१७ मध्ये 'एचपीचे लॅपटॉप तुमची प्रत्येक कळ नोंदवतात' अशा बातम्या आल्या. मॉडझीरो या स्विस कंपनीला आवाजाच्या ड्रायव्हरमध्ये हे दिसलं होतं. माईक बंद करायची कळ दाबली का, हे पाहण्यासाठी तो ड्रायव्हर सगळ्याच कळा ऐकत होता आणि चाचणीसाठी घातलेला भाग काढायचा राहिल्यामुळे त्या एका फाईलमध्ये लिहीत होता. फाईल कोणाकडे पाठवली जात नव्हती, प्रत्येक लॉगिनला नव्याने लिहिली जायची. गलथानपणा म्हणा, आणि तो मोठाच, कारण पासवर्ड साध्या अक्षरांत त्या फाईलमध्ये पडायचे. हेरगिरी मात्र नव्हे. बातमीत ती हेरगिरी झाली.

हे सॉफ्टवेअर मुळात घालतातच का, असं मास्तरांनी विचारलं. पैसे मिळतात म्हणून. लॅपटॉपवर नफा थोडा सुटतो, मग आत जागा विकायची. आपल्याकडे यावर रामबाण एकच, 'फॉरमॅट मार'. बहुतेक वेळा तो चालतोही. पण २०१५ मध्ये लेनोवोच्याच काही मशीनांत असं निघालं, की विंडोज नव्याने टाकली तरी बायोसमधून कंपनीचं सॉफ्टवेअर पुन्हा आत यायचं. मायक्रोसॉफ्टनेच विंडोज ८ पासून तशी वाट ठेवली होती. म्हणजे फॉरमॅट मारणाराही गप्प.

बातमी वाचताना मी आता आकडा शेवटी वाचतो. आधी पाहतो, हे करायला हल्लेखोर कुठे असायला हवा. मशीनच्या आत, त्याच वायफायवर, की जगात कुठेही? मग दुरुस्ती आली का. याची उत्तरं बातमीत नसतील, आणि बहुधा नसतातच, तर कंपनीच्या नोटिशीत असतात. ती शोधायला पाच मिनिटं पुरतात.

मास्तरांच्या मशीनवरची यादी आम्ही दोघांनी मिळून उघडली. खेळ, चाचणीपुरते अँटिव्हायरस, कसलेसे 'असिस्टंट', असं सगळं काढलं. कंपनीचा अपडेटर ठेवला, पण आधी तोच नवा करून. विंडोजचे अपडेट त्यांनी भीतीने बंद केले होते, ते चालू केले. सगळी नाटकं पेन ड्राइव्हवर उतरवली आणि एक प्रत माझ्याकडे आणली. वाळवी लागलेल्या वह्यांपैकी एकीची मधली सोळा पानं वाचता येण्यासारखी आहेत. मास्तर त्यांच्यापासूनच सुरुवात करतायत.