पाण्याकाठी बसून पाहावेत असे पक्षी

कुटुंबाची सहल ठरू लागली की घरातील ज्येष्ठांचा निर्णय बहुधा एकाच वाक्यात होतो : ‘तुम्हांला झेपायचं नाही, तुम्ही घरीच आराम करा.’ गडावर जायचे असेल तर हा सल्ला रास्तही असतो. परंतु मुलांना पक्षिनिरीक्षणाची ओळख करून द्यायची असेल आणि ठिकाण नीट निवडले असेल, तर आजी-आजोबांना घरी ठेवणे म्हणजे सहलीचा अर्धा आनंद घरी ठेवणे होय. असे एक ठिकाण म्हणजे भिगवण.

पक्षी म्हटले की पुष्कळांना जंगल आठवते. सुरुवात करणाऱ्या कुटुंबाने मात्र जंगलात जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथील बहुतेक पक्षी लहान, पानांआड दडलेले आणि क्षणभरही एका जागी न ठरणारे. त्यांना शोधताना मान सतत वर करावी लागते. मणक्यांच्या झिजेमुळे ज्यांची मान दुखते किंवा मान वर करताच ज्यांना चक्कर येते, त्यांना ते सोसत नाही. मुलांचाही धीर दहा मिनिटांत सुटतो. पाणथळ जागेचे तसे नाही. तेथे पक्षी मोठे, उघड्यावर, एका जागी बराच वेळ उभे आणि डोळ्यांच्या रेषेत असतात. बसून पाहता येतात, ही गोष्ट तर दुखऱ्या गुडघ्यांना फार मोलाची.

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयाचा फुगवटा इंदापूर तालुक्यात भिगवणपर्यंत येतो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. पुणे-सोलापूर लोहमार्गावर भिगवण स्थानकही आहे. तेथून काही किलोमीटरवर असलेल्या कुंभारगावात मासेमारी करणारी मंडळी आपल्या होड्यांतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात. थोर पक्षिअभ्यासक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या आठ दिवसांत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. तो उत्साह भिगवणला लगेच नेण्याची घाई मात्र करू नये. त्या सुमारास जलाशय भरलेला असतो. पुढे पाणी हळूहळू ओसरते, काठचा चिखल उघडा पडतो, उथळ पाण्यातील खाद्य हाताशी येते आणि मग पक्ष्यांची खरी दाटी होते. जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंतचा काळ त्यासाठी उत्तम.

सर्वांचे डोळे अर्थातच रोहित पक्ष्याकडे लागलेले असतात. सहा-सात वर्षांच्या मुलाएवढा उंच असा हा पक्षी मान खाली घालून, चोच चक्क उलटी धरून चिखलपाणी गाळत असतो. जिभेने पाणी आत-बाहेर करायचे आणि चोचीच्या कडांवरील गाळणीत अडकलेले सूक्ष्म जीव व शेवाळ तेवढे गिळायचे, अशी त्याची रीत. त्याचा गुलाबी रंग या अन्नातूनच येतो. थव्यात करडे, मळकट वाटणारे पक्षी दिसले तर ती त्यांची पोरे समजावीत. रंग चढायला काही वर्षे जावी लागतात. नातवंडे हमखास विचारतील, की याचा गुडघा उलटा कसा वाकतो? तो गुडघा नव्हेच, घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत झाकलेला असतो. स्वतःच्या गुडघ्यांनी गांजलेल्या आजोबांनी ही माहिती दिली, तर मुले ती सहसा विसरत नाहीत.

रोहित पाहून झाला की होडी लगेच परत फिरवू नका. आजी-आजोबांचे काम तेथूनच सुरू होते. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेले बदक म्हणजे हळदीकुंकू. काळ्याभोर अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला तो वारकरी. नारिंगी-बदामी रंगाची जोडी दिसली तर ती चक्रवाकांची. रात्र होताच या जोडीची ताटातूट होते, अशी कल्पना संस्कृत कवींनी रूढ केली. चोचीचा आकार पाहिला की चमच्याचे नाव सांगावेच लागत नाही. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा पट्टकादंब हिमालय ओलांडून येथवर येतो. इंग्रजी नावे मुले पुस्तकातून शिकतीलच; पण हळदीकुंकू म्हणजे काय, कपाळी टिळा कोण लावतो, हे घरातले मोठे माणूसच सांगू शकते. आधी नावे चाळून ठेवायची असतील तर चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ हाताशी असावा.

उलट दिशेने मुलेही आपल्याला काही देतात. वयाबरोबर श्रवणशक्ती उणावते, ती प्रथम बारीक, तीव्र स्वरांची. म्हणून भारद्वाजाचा घुमणारा आवाज आजोबांना ऐकू येतो, पण शिंजिराची चिवचिव निसटते. नातीने ‘तो बघा आवाज’ म्हणावे आणि आपल्याला काहीच ऐकू येऊ नये, असे वारंवार घडत असेल, तर परतल्यावर कानांची तपासणी करून घ्यावी. घरच्यांनीही याकडे लक्ष द्यावे. टीव्हीचा आवाज वाढवल्याने हा प्रश्न झाकला जातो, सुटत नाही.

दुर्बीण घेताना अधिक मोठे दाखवणारी ती अधिक चांगली, असा समज होतो. हात थोडा जरी थरथरत असेल तर तो थरथराटही तेवढ्याच पटीने मोठा दिसतो. आठ पटींची पुरे. ८ × ३० असा आकडा असलेली हलकी दुर्बीण आजीच्या मनगटालाही पेलते. चष्मा असल्यास डोळ्यांजवळच्या रबरी कडा आत दुमडाव्यात. कोपर छातीशी टेकवून पाहिल्यास चित्र स्थिर राहते. अगदी लहान मुलांच्या हाती मात्र पहिल्या दिवशी दुर्बीण न दिलेली बरी. त्यांना वही-पेन्सिल द्या आणि तीनच पक्षी निवडायला सांगा : पाय कसे, चोच कशी, कावळ्यापेक्षा मोठा की लहान? पन्नास पक्ष्यांची यादी करण्याची हौस मोठ्या माणसांची असते.

आता तब्येतीविषयी. पहाटे निघायचे म्हणून मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी प्रवास करू नये. औषध व न्याहारी यांची वेळ डॉक्टरांना विचारून आधीच बसवावी आणि खाण्याचा डबा जवळ ठेवावा. लघवीला जावे लागेल या भीतीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, पाणीच पीत नाहीत. यावर उपाय एवढाच, की महामार्गावर किंवा गावातील घरी स्वच्छतागृहाची सोय आधी पाहावी आणि होडीची फेरी तासाभराचीच ठरवावी. सकाळी थंडी बोचते, दहानंतर ऊन पाण्यावरून डोळ्यांत शिरते. म्हणून कानटोपी आणि रुंद काठाची टोपी दोन्ही हव्यात. काठावर चिखल असतो. नावाड्याचा हात धरून चढावे, लगेच बसावे आणि उतरेपर्यंत उभे राहू नये. सर्वांच्या अंगात जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय होडी हलू देऊ नका. ज्यांचा तोल जातो किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी होडीचा आग्रह धरू नये. काठावर खुर्ची टाकून बसलेल्यांनाही बगळे, शेकाटे, हवेत एका जागी पंख फडफडवून पाण्यात सूर मारणारा काळा-पांढरा खंड्या, असे कितीतरी दिसते. सोबत घरचे एक माणूस मात्र थांबावे.

होडीत बसल्यावर एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकावी. छायाचित्रासाठी थवा उडावा म्हणून काही जण होडी अगदी जवळ नेण्याचा आग्रह धरतात. प्रत्येक उड्डाणात पक्ष्यांचा चरण्याचा वेळ आणि शक्ती वाया जाते. ‘दादा, आम्हांला ते उडालेले नको, खाताना पाहायचे आहेत, लांबच थांबा,’ असे वयस्कर माणसाने म्हटले तर नावाडी सहसा मोडता घालत नाहीत. होडी थांबू द्या. मग नावाड्याला या पाण्याखाली गेलेल्या गावांविषयी विचारा. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर वर येते. त्याची हकीकत तो सांगू लागेल, आणि तेवढ्या वेळात रोहित चरत चरत आपणहून जवळ येण्याचाही संभव असतो.