लायसन्सची फाइल

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी माझ्याकडे येणारी मुलं अभिमानाने सांगतात, "सर, अपना डिज़ाइन ओपन सोर्स है." मी फोल्डर उघडतो. व्हेरिलॉग या हार्डवेअर वर्णनाच्या भाषेतल्या फाइली असतात, टेस्टबेंच असतो, वेव्हफॉर्मचे स्क्रीनशॉट असतात. लायसन्सची फाइल मात्र नसते. आणि ती नसेल तर डिझाइन जगाला दिसत असूनही बंदच असतं. १९५७चा कॉपीराइट कायदा नोंदणीसाठी थांबत नाही. ओळ लिहिली की हक्क निर्माण झाला. मालकाने परवानगी दिल्याशिवाय दुसऱ्याने ती उचलायची नाही. लखनौमध्ये चिप डिझाइन शिकवताना पाइपलाइन समजावणं सोपं जातं, हे गळी उतरवणं कठीण.

हार्डवेअरमध्ये गुंता आणखी वाढतो. व्हेरिलॉगची फाइल हे लिखाण आहे, म्हणून तिला कॉपीराइट लागू. पण त्यातून सिलिकॉनवर उतरलेल्या लेआउटसाठी आपल्याकडे २०००चा वेगळा कायदा आहे. नोंदणी केली तर १० वर्षं संरक्षण. आतली युक्ती नवी असेल तर तिसरा हक्क, पेटंटचा. सॉफ्टवेअरसाठी लिहिलेली लायसन्सं पहिल्या हक्कावर उभी आहेत. त्यांतलं जीपीएल म्हणतं, प्रोग्रॅम वाटलात तर सोर्सही द्या. पण चिप विकणं म्हणजे प्रोग्रॅम वाटणं का? यावर वकिलांचंच एकमत नाही.

ही फट बुजवायला जिनिव्हाच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने २०११मध्ये हार्डवेअरसाठी स्वतंत्र लायसन्स लिहिलं. २०२०मध्ये त्याची दुसरी आवृत्ती तीन रूपांत आली. 'एस' सर्वांत कडक: वस्तू विकलीत तर तिचा पूर्ण सोर्स घेणाऱ्याला मिळालाच पाहिजे. 'पी' सर्वांत सैल, नाव राखा आणि हवं ते करा. मधलं 'डब्ल्यू' मला चिपसाठी सर्वांत समंजस वाटतं. एका चिपमध्ये आपला प्रोसेसर असतो, शेजारी कुणाकडून विकत घेतलेला मेमरीचा ब्लॉक असतो, कडेला चिप तयार करणाऱ्या कारखान्याचे, म्हणजे फाउंड्रीचे, पॅड असतात, आणि त्यांचा तपशील उघड करायला करारानेच मनाई असते. 'डब्ल्यू' म्हणतं, परक्याचं बंद ते बंद राहू द्या, पण माझ्या ब्लॉकमध्ये केलेले बदल उघडे ठेवा. तिन्हींत पेटंटची परवानगी स्पष्ट शब्दांत आहे.

बंद ठेवलेलं सगळ्यांसाठी उघडं करण्याला लखनौत एक जुना मराठी दाखला आहे. १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज उभं राहिलं ते विष्णु नारायण भातखंडे यांच्या ध्यासातून. पेशाने वकील असलेल्या या मुंबईकराने घराण्यांनी जपून ठेवलेल्या बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकांतून छापल्या. उस्तादाच्या घरात जन्म न घेतलेल्या मुलालाही त्या हातात घेता आल्या.

प्रोसेसरच्या बाबतीत असं काम आयआयटी मद्रासच्या 'शक्ती' प्रकल्पाने केलं. 'शक्ती' रिस्क-फाइव्हवर बांधलेलं आहे, म्हणून आधी एक घोळ मिटवू. रिस्क-फाइव्ह खुलं आहे म्हणजे त्यावरची प्रत्येक चिप खुली, असं नाही. रिस्क-फाइव्ह ही फक्त सूचनांची ठरलेली यादी. ती पाळून कुणीही कडेकोट बंद प्रोसेसर बनवू शकतं. 'शक्ती'चं वेगळेपण हे की डिझाइनच बीएसडी लायसन्सखाली दिलं गेलं. २०१८मध्ये त्याच्या चिप इंटेलकडे आणि मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तयार झाल्या. ते डिझाइन ब्लूस्पेक या भाषेत आहे आणि ब्लूस्पेकचा कंपायलर २०२०पर्यंत बंद होता. म्हणजे सोर्स वाचता येई, पण त्यातून व्हेरिलॉग काढायला परवाना लागे! ही भाषा आणणारे एमआयटीचे दिवंगत प्राध्यापक अरविंद आमच्या शेजारच्या कानपूर आयआयटीचे पदवीधर. कंपायलर खुला झाला आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने 'शक्ती' खऱ्या अर्थाने उघडलं. बीएसडीबद्दल मात्र माझी तक्रार आहे: पेटंटबद्दल ते अवाक्षर काढत नाही.

फाउंड्रीचं दार सगळ्यांत उशिरा उघडलं. ट्रान्झिस्टर किती रुंद, दोन तारांत अंतर किती, हे सांगणारं पीडीके गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय मिळत नसे. २०२०मध्ये गुगल आणि स्कायवॉटर या फाउंड्रीने १३० नॅनोमीटरचं पीडीके अपाचे लायसन्सखाली मोकळं केलं. आज माझा विद्यार्थी हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर लेआउट उघडतो, झूम करत एका इन्व्हर्टरपर्यंत जातो आणि पॉलिसिलिकॉनची पट्टी डिफ्यूजन कुठे ओलांडते ते दाखवतो. लहान डिझाइनं स्वस्तात छापून देणारी ईफॅबलेस ही कंपनी २०२५मध्ये बंद पडली. पीडीके राहिलं, कारण अपाचेची परवानगी परत घेता येत नाही.

केंद्र सरकारच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेत ८५,००० अभियंते घडवायचे आहेत. जनतेच्या पैशातून होणाऱ्या अशा डिझाइनचं लायसन्स अनुदानाच्या करारातच ठरलं पाहिजे, चिप हातात आल्यावर नव्हे. तोवर माझ्या प्रयोगशाळेत नियम साधा आहे: पहिल्या आठवड्यात कॉलेजची लेखी संमती, प्रत्येक फाइलच्या माथ्यावर लायसन्सची ओळ, आणि मगच मॉड्यूल लिहायला घ्यायचं.