फुटलो काय खावचो!

मॉलमधलं खरबूज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. वरून जाळीदार, आतून केशरी आणि चवीला... बरं असतं! त्याचा एक कोकणी चुलतभाऊ आहे. तो मात्र मॉलमध्ये सहसा भेटत नाही. नाव चिबूड.

आमची पहिली भेट गणपतीत झाली. मित्राच्या गावी निघालो होतो. कोकणकन्येनं सकाळी कुडाळला उतरलो, तासाभरात त्याचं घर गाठलं. उंबरठा ओलांडला आणि गोड, जरासा उग्र वास आला. रूम फ्रेशनर? काकी हसल्या आणि त्यांनी वर बोट दाखवलं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी माटवी बांधलेली. तिला नारळ, सुपाऱ्या, कवंडळं, काकड्या आणि मध्ये पिवळेधमक चिबूड!

दुपारी एक चिबूड पानात आला. पांढरट, रवाळ गर. त्यात गूळ, नारळाचा रस, वेलची, सोबत पोहे. मी म्हटलं, "काकी, एक मुंबईला नेऊ?"

"नेशीत कसो? चिबूड कोणाची वाट बघणा नाय. फुटलो काय खावचो!"

गोम इथेच आहे. पिकला की चिबडाची साल आपोआप तडकते. असं फळ ट्रकमध्ये भरणार कोण? त्यामुळे तो आसपासच्या बाजारापलीकडे फारसा जात नाही. तो टिकलाय तो परसात, घरच्या बियाण्यावर. जूनमध्ये पाऊस लागला की उतारावर बी टोचायचं, म्हणजे पाणी साचून मुळं कुजत नाहीत. दोन-अडीच महिन्यांत, गणपतीच्या तोंडावर फळ हजर!

काकी म्हणाल्या, एका वर्षी पावसानं वेल कुजले आणि डब्यातल्या बियांनाही बुरशी लागली. सासूबाईंपासून चालत आलेलं बी संपलं. मग? आदल्या वर्षी शेजारणीला मूठभर दिलं होतं, तेच परत आलं. "बियाणा डब्यात ठेवल्यार रवणा नाय, वाटल्यार रवता." त्यांची दोन्ही मुलं मुंबईला नोकरीला. पुढे कोण पेरणार, हे त्या बोलल्या नाहीत. राखेत घोळलेल्या दहा-बारा बियांची पुडी मात्र माझ्या हातात ठेवली. अट एकच, बी परत द्यायचं.

पुढच्या जूनमध्ये बाल्कनीत रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या आल्या. तळाला भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं आणि ग्रिलवर वेल चढवला. आधी नुसती नरफुलं आली. घाबरू नका, मादीफुलं मागून येतात. ज्या फुलामागे इवलासा गोळा दिसतो, ते मादीफूल. सातव्या मजल्यावर मधमाशी कुठली! सकाळी ऑफिसला निघण्याआधी नरफूल तोडून मादीफुलावर फिरवायचो. जवळपास खरबुजाचा वेल असेल, तर मादीफूल आदल्या संध्याकाळीच दोऱ्यानं बांधून ठेवा आणि हातानं परागण केल्यावर पुन्हा बांधा. दोघं एकाच जातकुळीतले, त्यामुळे बी भेसळ होतं. काकडीची मात्र भीती नाही.

तीन फळं धरली. एक गळलं, एक फळमाशीनं खाल्लं. तिसऱ्याला वेळीच कापडी पिशवी बांधली. एका मंगळवारी, नेमकी साडेनऊची मीटिंग असताना, तो तडकला. बॉसला मेसेज टाकला, उशीर होईल. गूळ किसला, नारळाचा रस काढला, शेजारच्या आजींना हाक मारली. त्या रत्नागिरीच्या. पहिल्या घासाला त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "किती वर्षांनी रे!"

बिया धुतल्या, सावलीत वाळवल्या, तीन पुड्या केल्या. एक आजींना दिली, एक माझ्याकडे ठेवली. तिसरी घेऊन यंदाही कोकणकन्या पकडली. काकींनी पुडी उघडली, बिया तळहातावर घेतल्या आणि त्यातल्या निम्म्या मला परत दिल्या.

"आता आणखी कोणाक तरी दी."

तर मंडळी, पुडी तयार आहे. बाल्कनीत ऊन येतं ना?