धरमतर ते अश्दोद : पुस्तकांचा प्रवास

मैत्रिणींनो, सुट्टीत अलिबागला जाताना तुमच्यापैकी बहुतेकींनी धरमतरची खाडी ओलांडली असेल. पण ती नीट पाहिली असेल, असं मात्र म्हणवत नाही. वडखळ नाक्यावर चहा झालेला असतो, मुलं ‘समुद्र कधी येणार’ म्हणून कटकट करत असतात, आणि एवढ्यात पूल येतो नि मागे पडतोसुद्धा. पुढच्या खेपेला गाडी जरा हळू घ्यायला सांगा.

ही खाडी म्हणजे आपली अंबा नदी. सह्याद्रीतून उतरून पालीवरून, नागोठण्यावरून ती इथे येते, रुंद होते आणि पुढे रेवसजवळ समुद्राला मिळते. भरतीला काठोकाठ पाणी, ओहोटीला काळाभोर चिखल, कडेला तिवरांची झाडी आणि चिखलात एका पायावर उभे बगळे. पाण्यातून कोळसा नि खनिज भरलेले मोठमोठे बार्ज डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जात असतात. पण रस्ते चांगले होण्यापूर्वी इथे माणसांचीच ये-जा होती. मुंबईहून लाँच धरमतरला लागायची. पाहुणे, पत्रं, दिवाळीचा फराळ नि चाकरमान्यांच्या ट्रंका, सगळं या पाण्यावरून यायचं.

आणि याच भागातली काही माणसं पाण्यापलीकडे कायमची गेली. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर ही आडनावं ऐकून तुम्हाला कोण आठवतं? ही आपल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घरांची आडनावं. पूर्वी तेलाचा घाणा चालवणारी ही माणसं शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. अलिबागेत त्यांचं 1848 सालचं प्रार्थनास्थान आहे. पेणलाही आहे. धरमतरहून पोयनाडवरून पुढे गेलात की खंडाळे लागतं. तिथला एक खडक एलियाहू पैगंबराच्या रथाच्या खुणेचा म्हणून ही मंडळी मानतात. मलिद्याचं तबक घेऊन येतात, आणि त्या मलिद्यात काय असतं? पोहे, नारळ नि गूळ-साखर! आपल्याच स्वयंपाकघरातली चव.

1948 साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या वर्षांत यांतली बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. अश्दोद, लोद, दिमोना, बीरशेबा अशा गावांत ती वसली. भाषा मात्र बरोबर नेली. 1980च्या दशकात तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक निघालं, यावरून काय ते ओळखा.

माझी शाळेतली एक मैत्रीण पेणहून अशीच अश्दोदला गेली. ती दर दोन-तीन महिन्यांनी मोबाइलवरून मराठी पुस्तकं मागवते. तुम्ही म्हणाल, आजकाल त्यात काय मोठंसं? बटण दाबलं की झालं. पण पुस्तक दोनशेचं असलं तर त्याचं विमानाचं भाडं पुस्तकाहून जास्त होतं. एकदा तर पार्सल दोन महिने कुठे अडकलं ते कोणालाच सांगता येईना. तरी ती मागवतेच. कोणासाठी? तर आईसाठी. आई ऐंशीच्या घरातल्या, भिंग घेऊन वाचतात. नातीला मराठी बोलता येतं, वाचता मात्र येत नाही. तिची लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी. आजीचं पुस्तक तिने पहिल्यांदा हातात घेतलं ते मागल्या पानाकडून उघडलं!

“आईनंतर हे पार्सल कोणाच्या नावाने यायचं गं?” मैत्रिणीने मला फोनवर विचारलं. मला चटकन उत्तर सुचेना.

नंतर मला वाटलं, हा प्रश्न या मंडळींना नवा नाही. हिब्रू न समजणाऱ्या आपल्या बायामुलांना अर्थ कळावा म्हणून यांनीच 1846 साली मुंबईत वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली. 1874 साली पुण्यात छापलेल्या पोथीत तर साडी नेसलेल्या बायका खाली बसून सणाची बेखमीर भाकरी करताहेत अशी चित्रं आहेत. हैम सॅम्युअल किहीमकरांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला 1897 साली, तो छापला गेला चाळीस वर्षांनी, 1937 साली, तोही तेल अवीवला. ज्या पिढीला जी भाषा येत नव्हती, तिच्यासाठी दुसरी भाषा शेजारी ठेवून यांनी काम निभावलं. आता फक्त बाजू उलटली आहे.

म्हणून मी मैत्रिणीला म्हटलं, आजीच्या कादंबरीबरोबर दर वेळी नातीसाठीही एक पुस्तक मागव. मोठ्या अक्षरांचं, चित्रांचं, पहिलीच्या मुलांचं. आजीने बोट ठेवून वाचायचं नि नातीने अर्थ तिच्या भाषेत बाजूला लिहायचा. आता दर शनिवारी दोघी बसतात म्हणे. नात अडखळते, जोडाक्षराला रडकुंडीला येते, पण अजून सोडलेलं नाही.

तुमचीही कोणी लेक, भाची, जाऊबाई परदेशी असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. मागवण्यापूर्वी पुस्तकाची किंमत नव्हे, टपालासह एकूण रक्कम पाहा. भाडं वजनावर असतं, तेव्हा पुठ्ठा-बांधणी टाळून साधी प्रत घ्या. शेजारच्या दोन-तीन मराठी घरांनी मिळून एकच पार्सल मागवावं. इथून आपण पाठवत असलो तर आत काय आहे त्याचा कस्टमचा कागद नीट भरावा. ‘बुकगंगा’सारख्या ठिकाणी ई-पुस्तकंही मिळतात, त्यांना भाडंच नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं नि साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं तर इंटरनेटवर फुकट उतरवून घेता येतात. आजीसाठी मात्र कागदाचंच पुस्तक असू द्या. भिंग त्यावरच चांगलं चालतं.

आणि हो, अलिबागला निघालात की धरमतरच्या पुलावर मुलांना खाली पाणी दाखवा. याच पाण्याकाठची माणसं सातासमुद्रापार जाऊन अजून मराठी वाचतात, एवढं त्यांना सांगा. मग आपल्या घरातलं, कपाटावर धूळ खात पडलेलं एखादं पुस्तक मुलांच्या हाती द्यायला आपल्याला भाडं तरी कुठे पडतं?