भट्टीआधी भाजलेले पाव

१/ साल १९५३. अमेरिकेतील केंटकी राज्यात बिल सॅम्युएल्स हे गृहस्थ घरच्या स्वयंपाकघरात वेगवेगळ्या धान्यांचे पाव भाजून पाहत होते. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बर्बन व्हिस्की गाळणारे. पण घराण्याची ती जहाल, घशाला झोंबणारी व्हिस्की त्यांना रुचत नसे. जुनी पाककृती त्यांनी जाळली आणि त्या ज्वाळेने खोलीचे पडदेही पेटले, अशी आख्यायिका आहे.

२/ व्हिस्कीसाठी पाव कशाला? बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असावाच लागतो, गोडवा त्याचा. मोड आणून वाळवलेले सातू पिठुळाची साखर करतात, म्हणजे मिश्रण आंबू शकते. उरलेल्या जागी बहुतेक भट्ट्या राय हे धान्य घालतात. मिरीची आठवण करून देणारा तिखटपणा येतो तो रायमुळे.

३/ धान्य बदलले की चव किती बदलते, हे व्हिस्की गाळून पाहायचे तर प्रत्येक प्रयोगाला काही वर्षे लागणार. पाव मात्र काही तासांत तयार होतो. सॅम्युएल्स यांनी म्हणून हा जवळचा मार्ग धरला.

४/ कौल गव्हाच्या बाजूने पडला. राय वगळून ७० टक्के मका, १६ टक्के गहू आणि १४ टक्के सातू असे प्रमाण ठरले. गव्हाची बर्बन ही काही नवी कल्पना नव्हती. लुईव्हिलच्या स्टिट्झेल-वेलर भट्टीत ती आधीपासून होत होती. गहू स्वतः फारसा पुढे येत नाही, त्यामुळे मक्याचा आणि लाकडाचा गोडवा उठून दिसतो.

५/ परंतु पाव अर्धेच उत्तर देऊ शकत होता. भट्टीतून निघालेले मद्य पाण्यासारखे रंगहीन असते. कायद्याने ते ओकच्या कोऱ्या, आतून जाळलेल्या पिपातच मुरवावे लागते, आणि बाहेरून रंग वा स्वाद घालण्यास मनाई आहे. बर्बनचा सगळा रंग आणि बराचसा स्वाद लाकडातून येतो.

६/ पीप जाळताना लाकडातील काही घटकांची साखर होऊन ती करपते. तिच्यातून कॅरॅमलची चव येते. ओकमधील लिग्निन फुटून व्हॅनिलाचा गंध सुटतो. कोळशाचा थर मद्यातील उग्र, गंधकयुक्त द्रव्ये शोषून घेतो. केंटकीच्या उन्हाळ्यात मद्य प्रसरण पावून लाकडात शिरते, हिवाळ्यात आकुंचन पावून मागे येते. कोठाराच्या वरच्या मजल्यावर उष्मा अधिक, म्हणून तिथले पीप लवकर मुरते.

७/ १९५४ मध्ये लोरेटो गावाजवळच्या एका जुन्या भट्टीत पहिली पिपे भरली गेली. त्यानंतर हाती काहीच नव्हते. पैसा लाकडात अडकलेला, आणि दरवर्षी थोडे मद्य हवेत विरून जाणार. त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. गव्हाची निवड चुकली असती, तर ते कळेपर्यंत काही वर्षांचा माल तशाच चुकीने भरून झाला असता.

८/ या मधल्या काळात पत्नी मार्जी यांनी बाटलीचा आकार, ‘मेकर्स मार्क’ हे नाव आणि तोंडावरून ओघळणारे लाल मेण ठरवले. मेणाचे प्रयोग त्यांनी घरातल्या तळणीच्या भांड्यात केले. चव अजून कोणालाच ठाऊक नव्हती, तरी तिचे नाव आणि रूप घरात आकार घेत होते.

९/ १९५८ मध्ये पहिली बाटली विक्रीस आली. गव्हाचा निर्णय बरोबर ठरला. पिढ्यांची पाककृती जाळायला काही क्षण पुरले होते. तिच्या जागी आणलेली पाककृती टिकेल की नाही, हे कळायला मात्र चार वर्षे पिपांशेजारी थांबावे लागले. बर्बन करणाऱ्या प्रत्येकाचे आजही तेच आहे. धान्य तो स्वतः निवडतो. पुढचे लाकूड आणि ऋतू ठरवतात.