शेवंतीची नाइट शिफ्ट

झेंडूला दसरा मिळाला, मोगऱ्याला उन्हाळा आणि गुलाबाला तर चक्क व्हॅलेंटाइन डे! शेवंतीच्या वाट्याला काय आलं? हारात झेंडूच्या शेजारची जागा. सत्यनारायण असो नाही तर नव्या गाडीची पूजा, पिवळी शेवंती असतेच. पण तिच्याकडे निरखून कोण बघतं? एकदा बघाच. आपण जिला एक फूल म्हणतो ना, तो असतो ढीगभर इवल्या फुलांचा गुच्छ. कडेची प्रत्येक 'पाकळी' म्हणजे एक अख्खं फूल! सूर्यफूल, डेझी, झेंडू ही सगळी तिची भावंडं. लिनियसने १७५३ मध्ये 'क्रिसॅन्थेमम' हे नाव छापलं, त्याचा ग्रीकमधला अर्थ 'सोन्याचं फूल'.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी तर ही बाई अगदी आयडियल. आमचं अ‍ॅग्रीमेंट ११ महिन्यांचं, आणि हिचं कॅलेंडरही साधारण तेवढंच. पावसाळ्याच्या तोंडावर लावा, हिवाळ्यात फुलं घ्या. बहर संपला की झाड छाटा, मुळाशी नवे फुटवे येतात. ते उचला आणि पुढच्या पत्त्यावर चला!

लावायची कशी? सोप्पं आहे. निरोगी फांदीचा पाच-सात सेंटिमीटरचा शेंडा घ्या, खालची पानं काढा आणि ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. मग आठ-दहा इंचांची कुंडी, माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि खाली पाणी जायला भोक. साचलेलं पाणी तिला अजिबात चालत नाही. रोज पाच-सहा तास ऊन हवं. लावल्यावर महिनाभराने शेंडा खुडून टाका. जिवावर येतं, पण त्यामुळेच झाड उंच सुटत नाही, आजूबाजूने फांद्या फुटतात आणि पुढे फुलं दुप्पट मिळतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर कडुनिंबाचं तेल फवारा. झालं!

हे सगळं केलं, तरी पुण्यातल्या माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत नोव्हेंबर उजाडला आणि कळीचा पत्ता नाही. झाड मात्र हिरवंगार, गुटगुटीत. सोलापूर रोडवरच्या एका नर्सरीतल्या काकांना विचारलं. त्यांनी खताचं विचारलं नाही, पाण्याचंही नाही. म्हणाले, "ताई, झाड रात्री झोपतंय का?"

बाल्कनीसमोर चार फुटांवर रस्त्यावरचा दिवा. रात्रभर लख्ख!

शेवंतीला कळी धरायला लांबलचक, सलग अंधार लागतो. पुण्यात जूनमधला दिवस तेरा तासांच्या थोडा वर, डिसेंबरमधला अकराच्या आसपास. रात्र लांबली की झाडाला समजतं, आता फुलायचं. झाडं अशी दिवस-रात्र मोजतात, हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकन संशोधकांनी १९२० मध्ये दाखवून दिलं. पॉलिहाउसवाले शेतकरी तर हे रोज वापरतात. फुलं लांबवायची असली की रात्री बल्ब लावायचे, लवकर हवी असली की काळं कापड ओढायचं.

मग मीही तुळशीबागेतून जाड काळं कापड आणलं. संध्याकाळी सहाला झाकायचं, सकाळी आठला काढायचं. कळ्यांवर रंग दिसेपर्यंत रोज! फ्रीलान्सर असण्याचा हा एकमेव फायदा. "तुला कर्फ्यू लागलाय का गं?" मैत्रिणी विचारायच्या. सहाच्या कॉफीची आमंत्रणं बंद झाली, संध्याकाळच्या प्रेस कॉन्फरन्स सुटल्या, त्याचे पैसेही गेले. आई फोनवर म्हणाली, "अगं, मंडईत पाव किलो मिळते की!" मिळते ना. पण या शहरात मी राहत असलेल्या सात वर्षांत चार पत्ते बदलले. माझ्या घरी उगवलं म्हणावं असं एक तरी काही हवं होतं.

जानेवारीच्या मध्यावर पहिलं फूल उमललं. मग एकतीस. मोजली मी!

मार्चमध्ये अ‍ॅग्रीमेंट संपत होतं, म्हणून घरं बघायला सुरुवात केली. एक अगदी बजेटमधलं मिळालं. पाणी चोवीस तास, बसस्टॉप जवळ. फक्त रात्री आठला पुन्हा एकदा बाल्कनी बघायची आहे, असं मी एजंटला सांगितलं. तो खुशीत म्हणाला, "मॅडम, उजेडाचं टेन्शनच नाही. दिवा बरोब्बर समोर आहे!"

ते घर मी घेतलं नाही. दोन गल्ल्या मागे, महिना पाचशे रुपये जास्त देऊन, अंधारी बाल्कनी घेतली. श्रीखंडाच्या डब्यातून सहा फुटवे सोबत नेले. सहाही जगलेत.