लोकेशन : २५ टक्के

मागच्या रविवारी आमच्या घरात एका एक्सेल शीटवरून भांडण झालं. शीट अर्थातच माझी.

बायको इथे अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे तीन वर्षं कार्डिऑलॉजीची फेलोशिप. इंटरव्ह्यू झाले की आपण पसंतीक्रम भरायचा, हॉस्पिटलं त्यांचा भरतात, आणि डिसेंबरच्या सुमारास कॉम्प्युटर जोड्या लावतो. लागलेली जोडी बंधनकारक! गेल आणि शॅप्लीने १९६२ साली मांडलेलं स्टेबल मॅरेजचं गणित ते हेच. सुरुवात अर्जदाराच्या पसंतीपासून होते, त्यामुळे 'ते मला घेतील का' असले अंदाज न बांधता खरं मनातलं लिहावं, त्यातच फायदा. हे मीच तिला ऐटीत समजावलं होतं.

प्रश्न होता पहिल्या दोन नंबरांचा.

एक, घरापासून ४० मिनिटांवरचं कम्युनिटी हॉस्पिटल. वर सीनियर फेलोंची गर्दी नाही, म्हणून पहिल्या वर्षापासून कॅथलॅबमध्ये हात चालवायला मिळतो. पण फेलो मोजकेच, त्यामुळे नाईट कॉल सारखा. मोठा हार्ट अटॅक आला की पेशंट दारात आल्यापासून ९० मिनिटांत बंद धमनी उघडायची, म्हणजे रात्री दोनला गाडी काढा. ट्रान्सप्लांट तिथे होत नाहीत.

दुसरं, विमानाने तीन तासांवरचं युनिव्हर्सिटी हॉस्पिटल. ट्रान्सप्लांट, कार्डियाक एमआरआय, रिसर्च, सगळं एका छताखाली. पण चांगल्या केसेस आधी सीनियर फेलोंच्या वाट्याला.

मी प्रत्येक गोष्टीला वेटेज दिलं. कम्युनिटी ७८, युनिव्हर्सिटी ७१. विषय संपला!

तिने शीट पाहिली. "अरे, लोकेशनला २५ टक्के? कुणी ठरवले? आणि ईपी कुठेय यात?"

ईपी म्हणजे इलेक्ट्रोफिजिऑलॉजी, हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडाचं शास्त्र. तिला त्यातच जायचंय, म्हणजे फेलोशिपनंतर आणखी दोन वर्षं. युनिव्हर्सिटीत तो विभाग मोठा, पुढची फेलोशिपही तिथेच. जवळच्या हॉस्पिटलात ती नाहीच. हे तिने मला दहादा सांगितलं होतं. माझ्या शीटमध्ये त्याला कॉलमच नव्हता.

म्हणजे खोटा पसंतीक्रम मीच भरत होतो. खरं वाक्य एवढंच होतं की तीन वर्षं मला एकट्याने राहायचं नाही. ते बोलायची लाज वाटली, म्हणून त्याला 'लोकेशन' असं नाव दिलं.

शेवटी बोललो. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे आधी म्हणाला असतास तर आपण बोललो असतो ना. टक्क्यांशी काय बोलू मी?"

रात्री उशिरापर्यंत बोललो. युनिव्हर्सिटी एक नंबरला, जवळचं दोन नंबरला. मी मॅनेजरला रिमोटचं विचारलंय. "बघू" म्हणालाय.

असो. यादी परवा गेली. शीट अजून डिलीट केलेली नाही, पण लोकेशनच्या कॉलमचं नाव बदललंय. आता तिथे माझं नाव आहे.